आपला म्हंजे कोनता तांदूळ?

कॉलेजातल्या वादविवाद स्पर्धेत मी जागतिकीकरणाच्या बाजूनं बोलले होते आणि पहिला नंबर काढला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना मी पहिल्यापासूनच शहाणी होते असा कुणाचा गैरसमज व्हायला नको.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलच्या कॉलेजात मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय अर्थशास्त्र. त्या काळात कुठल्याही कॉलेजात जा, वादविवादाला विषय ठरलेला: जागतिकीकरण, शाप की वरदान. मी वरदानवाली. का नसणार? घरी नुकताच केबल टीव्ही आला होता. बसस्टँडवरच्या चहावाल्यानं थंड पेयांचा लालभडक फ्रीज ठेवला होता. गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ झाला होता आणि आखातात गेलेल्या मामूचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा ऐकू यायचा. जग आमच्या दाराशी येऊन उभं आहे असं वाटायचं, आणि दार उघडायची मला भारी घाई झाली होती.

माझ्या विरोधात चिमूरकडचा एक वर्गमित्र होता, धानकऱ्याचा, म्हणजे भातशेतकऱ्याचा मुलगा. तो तावातावानं म्हणाला, "बेचाळीस साली आमच्या चिमूरनं इंग्रजांना पाणी पाजलं. पण इंग्रज आधी कोण म्हणून आला होता? व्यापारी म्हणून! कंपनी म्हणून! आज पुन्हा कंपनीच येऊन राहिली आहे." टाळ्या पडल्या. माझी पाळी आली, तोंड उघडलं आणि कुठून तरी जोर आला. "कंपनीला घाबरायला आपण काय रिकाम्या हाताचे आहोत?" मी म्हणाले. "आपल्याजवळ तांदूळ आहे! दरवाजे उघडू द्या, आपला तांदूळ लंडनच्या, दुबईच्या ताटात जाईल!" त्याच्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या. मूलमध्ये तांदळाचं नाव घेतलं की टाळ्या पडणारच. अर्ध्या गावाचं पोट राईस मिलवर.

माझे अब्बा तांदळाचे दलाल होते. शेतकरी आणि गिरणीवाला यांच्यामध्ये उभा राहणारा माणूस. पोत्यात लोखंडी परखी खुपसायची, तिच्या पन्हाळीतून आलेले दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाताखाली फोडायचा आणि माल कसा आहे ते सांगायचं. त्यांचा शब्द दोन्हीकडचे मानत. त्या दिवशी ते हॉलच्या खिडकीबाहेर उभं राहून माझं भाषण ऐकत होते, हे मला बक्षिसाची ढाल आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर आल्यावर कळलं. लुनावर मागं बसवून त्यांनी मला घरी आणलं. घराशी लुना उभी करून म्हणाले, "बेटा, मस्त बोलली तू. खरंच मस्त. फक्त एक गोष्ट समजली नाई मले."

"कोणती?"

"आपला तांदूळ, आपला तांदूळ म्हनून राह्यली होती. आपला म्हंजे कोनता?"

मी तोंड उघडलं आणि चिन्नोर म्हणाले. मग लुचई म्हणाले. दलालाची मुलगी, अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, हातात ढाल, आणि तांदळाची तिसरी जात सांगता येईना.

अब्बा हसले नाहीत. ओट्यावर मांडी घालून बसले आणि सांगू लागले. "हिरानकी. दुबराज. काळी कमोद." मी प्रमाणपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. कुसळवालं धान, लाल दाण्याचं धान, दोन महिन्यात येणारं हलकं धान, पाण्यात उभं राहणारं भारी धान. अब्बा अडले की आतून अम्मी ओरडायची, "अजी, वो काले छिलकेवाला भूल गए! नानी बाळंतिणीला द्यायची ते!" मग दोघांचं भांडण, ते काळं कोणतं आणि हे काळं कोणतं. तासाभरात कागद भरला. मला हसूही येत होतं आणि नवलही वाटत होतं. आमच्याच घरात एवढं सगळं होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं!

"यातले बाजारात किती येतेत मालूम?" अब्बांनी विचारलं. "तीन. कवा कवा चार."

"आणि बाकीचे?"

"गिरनीवाल्याले एकच मांगते लोक. बारीक, पांढरा, मशीनीत तुटाले नाई पायजे. नागपूरवाला तोच मांगते, बम्बईवाला तोच. तुह्या दुबईवाला बी तोच मांगन. बाजार जेवढा मोठा होते ना बेटा, नावं तेवढी कमी होतेत."

आमचे अर्थशास्त्राचे सर मला आवडायचे, पण त्यांनी दोन वर्षांत असं वाक्य एकदाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद घेऊन त्या हरलेल्या वर्गमित्राला गाठलं. "यातली कोणती तुमच्याकडं पेरतात?" तो आधीच रागात होता. कागद वरून खाली वाचला आणि म्हणाला, "मले काय मालूम? माह्या मायले विचार." मग ओशाळून म्हणाला, "ये ना घरी. रविवारी. मायले आवडन."

अशी आमची मोहीम सुरू झाली. अब्बा आणि मी, लुनावर. अब्बा चांगले भरदार होते. चढ आला की मला उतरून मागून ढकलावं लागायचं.

त्या गावी पोचलो तेव्हा मळणी उरकत आली होती. वर्गमित्राच्या वडिलांनी आम्हाला खाटेवर बसवलं, कागद ऐकला आणि मान हलवली. "नाई भाऊ. ते जुने धान आता कोन पेरते?"

"मी पेरतो ना!" आतून आवाज आला. आमच्याकडं बायाही स्वतःबद्दल अशाच बोलतात, मी पेरतो, मी जातो. त्याची आई दारात आली. पन्नाशीची, काटकुळी, आणि आवाज असा की चार शेतांच्या पलीकडं ऐकू जावा. नवरा म्हणाला, "तू कुठी पेरते?" ती म्हणाली, "बोडीखालच्या खोल बांधीत कोनतं धान हाये तुमाले मालूम तरी हाये का?" बोडी म्हणजे आमच्याकडची लहानशी तळी, आणि तिच्या खालच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, कमरेएवढं पाणी साचतं. "तुमचं ते नवं बुटकं धान तिथी बुडून मरते. माह्यं उभं राह्यते. तीस वर्सं झाली, तुमी खाऊन राह्यले, आन् विचारता कोन पेरते!"

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. अब्बा खो खो हसत सुटले.

तिनं आढ्याला टांगलेल्या लोंब्या खाली काढल्या. मडक्यांवरची सारवलेली झाकणं फोडली. अंगणात सुपांची रांग लागली. एकात सोनेरी, एकात तांबूस, एकात शाईसारखं काळं. मी एकेक मूठ घेऊन कागदाच्या पुड्या बांधत होते आणि ती प्रत्येकाची ओळख सांगत होती. हे तापातून उठलेल्याला. हे लाह्यांना. हे भुकेच्या दिवसांत सगळ्यांत आधी हाताशी येतं ते. दुपारी तिनं आम्हाला जेवू घातलं, काळ्या धानाचा भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण. तो भात मी बोटांनी चाचपत, एकेक घास मोजल्यासारखा खाल्ला. अब्बांनी डोळे मिटून दुसऱ्यांदा वाढून घेतला.

निघताना तिनं मला विचारलं, "पन तुले हे काऊन पायजे वो पोरी?"

मी वर्तमानपत्रात वाचलं होतं ते सांगितलं. जगभरच्या देशांचा व्यापाराचा करार झाला आहे. आता बियाण्याचे कायदे येणार आहेत. बियाण्याची नोंद होईल, आणि ज्याच्या नावावर नोंद, त्याचा त्याच्यावर हक्क.

"नावावर?" ती म्हणाली. "बी कोनाच्या नावावर कसं राहीन? हे मले माह्या सासूनं देल्लं. तिले तिच्या मायनं देल्लं. तिच्या मायचं नाव बी मले मालूम नाई." आणि ती हसायला लागली. हसता हसता एकदम थांबली. "खरं सांगून राह्यली का तू?"

"खरंच."

"मंग लवकर गोळा कर," ती म्हणाली. "सप्पा गोळा कर. एक बी नको सोडू."

त्या हिवाळ्यात आम्ही एकही रविवार सोडला नाही. मूलच्या आसपासची गावं झाली, सिंदेवाहीकडं गेलो, एकदा तर एसटीनं थेट आलापल्लीला. सागवानाच्या त्या उंच उंच जंगलापलीकडं एका गोंड म्हाताऱ्याकडं लांब कुसळांचं धान आहे असं अब्बांना कुणी सांगितलं होतं. म्हातारा मोडकंतोडकं मराठी बोलायचा. त्यानं लोंबी माझ्या तळहातावर घासली. हात लालबुंद झाला. "डुक्कर तोंड लावत नाई," तो म्हणाला आणि बोळक्या तोंडानं असा हसला की जणू त्यानंच रानडुकराला फसवलं होतं. मी पर्समध्ये हात घातला तर त्यानं मान हलवली. पैसे नको. मग काय? अब्बांच्या सदऱ्याच्या खिशात नेहमी दोनचार नमुने असायचे. त्यांनी चिन्नोरची मूठभर पुडी काढून त्याच्या हातावर ठेवली. म्हाताऱ्यानं हुंगली, कंबरेच्या फडक्यात बांधली आणि आम्हाला बस लागते त्या फाट्यापर्यंत सोडायला आला.

परतीच्या बसमध्ये मी अब्बांना म्हणाले, "हाही आंतरराष्ट्रीय व्यापारच झाला की." अब्बा म्हणाले, "याच्यात दलाल नाई लागला बेटा. माह्या धंद्याले हे चांगलं नाई." आणि दोघंही हसत सुटलो. समोरच्या सीटवरची बाई वळून वळून बघत होती.

उन्हाळ्यात, पेरण्यांच्या आधी, मूलच्या रस्त्यांवरून जीप फिरू लागली. भोंग्यावरून सांगत होते की येत्या बाजाराच्या दिवशी संकरित धानाचा मेळावा आहे, टोपी फुकट, सरबत फुकट, सोडतीत रंगीत टीव्ही. बियाण्याची कंपनी मोठी होती, परदेशी भागीदारीतली. मी धावत घरी आले. अब्बा जेवत होते. मी म्हणाले, "आपणही मांडायचं. बाजारातच. आपल्याजवळचं सगळं."

अम्मी म्हणाली, "पागल हो गई क्या? त्यांच्याजवळ टीव्ही आहे, तुझ्याजवळ काय आहे?"

अब्बांनी घास तोंडात तसाच ठेवून विचार केला. मग म्हणाले, "त्यायच्या तंबूले लागूनच मांडू."

मी चिमूरकडं निरोप पाठवला. बाजाराच्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं वर्गमित्राची आई आली आणि एकटी नाही, गावातल्या सहा जणी घेऊन. आम्ही दोन चटया अंथरल्या. पळसाच्या पानांचे द्रोण लावले. प्रत्येकात एकेक धान, शेजारी त्याचाच कांडलेला तांदूळ, आणि माझ्या बाजूला मी नाव लिहिलेली लहानशी पाटी. वर्गमित्रानं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ओळखा धान. डोळे बांधून पाच ओळखेल त्याला स्टीलचा डबा. डबा अम्मीचा होता, न विचारता आणलेला.

पहिला तासभर कुणी फिरकलं नाही. शेजारच्या तंबूत पंखे फिरत होते, पडद्यावर हिरवंगार शेत हलत होतं आणि लोक पिवळ्या टोप्या घालून सरबत पीत होते. मला रडू येईल असं वाटलं. तेवढ्यात भाजीच्या टोपल्या विकून एक म्हातारी परतत होती, ती थांबली. "काय खेळ होय हा?" मी सांगितलं. तिनं टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "बांध डोये."

मी माझ्या ओढणीनं तिचे डोळे बांधले. तिनं पहिली मूठ घेतली, दोन्ही तळव्यांत घासली, फुंकर मारली, हुंगली. "लुचई." दुसरी. "हिरानकी." तिसऱ्याला तिनं दाणा दातांखाली धरला, हुबेहूब अब्बांसारखा. बरोबर. चौथं, पाचवं, सहावं. आता माणसं जमायला लागली. सातव्याला ती म्हणाली, "दुबराज." मी पाटीवरचं नाव बघितलं आणि म्हणाले, "आजी, इथं चुकलात."

तिनं ओढणी कपाळावर सरकवली, द्रोणाकडं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. "मी नाई चुकली. तुह्यी पाटी चुकली."

अब्बा पुढं झाले. दाणा फोडला, चावला. मग दोन्ही हात वर करून त्यांनी बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "बाई बरोबर हाये! माह्यी पोरगी चुकली!"

काय तो गलका उठला! लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते, आणि माझ्या गालांना चटका बसत होता, पण मला इतका आनंद झाला होता की मी त्या म्हातारीला मिठीच मारली. त्यानंतर रांग लागली. बायका एकमेकींना ढकलून पुढं येत होत्या. "हे माह्या मायघरी होतं!" एक ओरडली. "मले दे मूठभर, माह्या बापाच्या वावरात पेरत होते!" दुसरी द्रोण छातीशी धरून उभी राहिली, सोडेचना. मागेल तिच्या पदरात वर्गमित्राची आई मूठभर घालत होती. पुरुष आले, पैजा लावून हरले, आणि बायकांनी त्यांना पळवून लावलं. शेजारच्या तंबूत पडद्यावर हिरवं शेत हलतच होतं, पण खुर्च्या रिकाम्या होत होत्या. पिवळ्या टोप्या आमच्या चटईभोवती दिसू लागल्या.

मग त्या तंबूतला साहेब स्वतः आला. साहेब कसला, पंचविशीतला तरुण. शेतकी पदवीधर, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. गोड बोलणारा मुलगा होता, खोटं कशाला सांगू. त्यानंही डोळे बांधून घेतले. एकही ओळखता आलं नाही. स्वतःच हसला. "आमच्या पुस्तकात यातलं काहीच नव्हतं," तो म्हणाला. मग खाली बसून त्यानं एकेक द्रोण नीट बघितला. कुसळांचं धान बघितलं. काळं बघितलं. खोल पाण्यातलं धान कोणतं ते दोनदा विचारलं. आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, याचे नमुने आम्हाला द्याल? थोडे थोडेच. आमच्या केंद्रात मोठं शीतगृह आहे, तिथं शंभर वर्षं टिकतील. तुमच्या कॉलेजच्या नावानं प्रमाणपत्र देऊ. आणि प्रत्येक नमुन्यामागं एक पिशवी संकरित बी, या सगळ्या बायकांना फुकट."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी मॅडम म्हणालं होतं. माझ्या डोळ्यांपुढं ते प्रमाणपत्र तरळलं. शीतगृह, शंभर वर्षं, कॉलेजचं नाव. मी हो म्हणाले. पुड्यांची पिशवी माझ्या खांद्याला होती, मी आत हात घातला.

वर्गमित्राच्या आईनं माझं मनगट धरलं. घट्ट. "काय करून राह्यली?"

मी सांगितलं.

"हे तुह्यं हाये का?"

मी गोळा केलं होतं. पुड्या मी बांधल्या होत्या. नावं मी लिहिली होती, त्यातही एक चुकवलं होतं.

साहेब मवाळपणे म्हणाला, "आई, आम्ही हिरावून घेत नाही. तुमचं तुमच्याजवळ राहीलच की."

"तुमी याचं काय करसान?"

"अभ्यास करू. यातले गुण घेऊन नवं वाण तयार करू."

"मंग ते नवं आमाले फुकट देसान?"

तो प्रामाणिक होता. त्यानं नाही अशी मान हलवली.

"दुसऱ्या वर्षी त्यातलंच बी ठेवून पेरता येईन?"

"संकरित बी ठेवून चालत नाही आई. दर वर्षी नवं घ्यावं लागतं."

"इकत?"

"विकत."

ती त्याच्यासमोर नीट मांडी घालून बसली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणून सगळे जास्तच कान देऊन ऐकत होते. "पाह्य बापू. आमच्याकडं कोनी बी मांगाले आलं त नाई म्हनत नाई. पाप लागते. पन रीत हाये. नेलं त पेराले नेलं पायजे, आन् पिकलं की मुठीची पायली परत आनून देल्ली पायजे, जो मांगन त्याले देल्ली पायजे. तू असं करशील त सप्पा घेऊन जाय. आत्ताच जाय."

त्यानं काळ्या धानाचा द्रोण हलकेच तिच्याकडं सरकवला. "असं मी कबूल करू शकत नाही," तो म्हणाला. "ते माझ्या हातात नाही."

"मंग कोनाच्या हातात हाये?"

त्यालाही ते नक्की सांगता आलं नाही. हैदराबाद म्हणाला, मग त्याच्यावरचं कुठलं तरी परदेशातलं शहर म्हणाला. अब्बा माझ्या मागं उभे होते. आयुष्यभर दोन माणसांचा सौदा जमवून देणारा माणूस. मला वाटलं, ते काहीतरी मधला मार्ग काढतील. ते म्हणाले, "साहेब, मी दलाल होय. दोन्हीकडून हात पुढं आला तरच सौदा होते. इथी एकच हात दिसून राह्यला."

साहेब उठला, सगळ्यांना हात जोडले आणि गेला. त्याचा मला आजही राग येत नाही. पण त्या पाच मिनिटांत मला जे समजलं ते दोन वर्षांच्या वर्गात समजलं नव्हतं. खुल्या बाजारात सगळे सारखे, असं मी व्यासपीठावरून सांगितलं होतं. इथं मात्र एकीला आपल्या मुठीबद्दल जागच्या जागी हो किंवा नाही म्हणता येत होतं, आणि दुसऱ्याला दोन शहरांना विचारावं लागत होतं, तरी कायदे त्या दोन शहरांच्या सोयीचे होणार होते.

आता पुढचं. ते मला सांगायला आवडत नाही, पण झालं ते झालं.

संकरित बी लोकांनी घेतलंच. पहिली दोन वर्षं भरघोस पिकलंही, आणि पिकल्यावर कोण नावं ठेवणार? नंतर पिशवी महागली, वर खत आणि फवारणी वाढली, काही जण पुन्हा साध्या बियाण्याकडं वळले, काही वळले नाहीत. बाजारात मोठे खरेदीदार आले. त्यांची माणसं यंत्रात दाणे घालून ओल आणि लांबी बघत. दाताखाली दाणा फोडणाऱ्याची गरज हळूहळू संपली. अब्बांनी एका गिरणीच्या आवारात किराण्याचं छोटं दुकान टाकलं आणि तिथंही ते गिऱ्हाइकांना तांदळाची जात सांगत बसायचे, कुणी विचारो न विचारो.

आणि माझा जमवलेला खजिना? तो मी काचेच्या बाटल्यांत भरला. सुबक अक्षरात नावं लिहिली आणि बाटल्या कॉलेजच्या कपाटात लावल्या. प्राचार्यांनी पाहुण्यांना दाखवल्या. जिल्ह्याच्या एका वर्तमानपत्रात फोटोही आला. मी एम.ए.साठी चंद्रपूरला गेले. ते संपवून परतले आणि तीन वर्षांपूर्वीच्या त्या बाटल्या उघडल्या तर निम्म्यांत पोरकिडे, आणि उरलेल्यांतले दाणे ओल्या फडक्यात ठेवले तर एकालाही कोंब फुटला नाही. आठवडाभर मी रोज सकाळी ते फडकं उघडून बघत होते. मग एका सकाळी कॉलेजच्या पायरीवर बसून रडले. कंपनीला दिलं नाही, आणि स्वतः मारून टाकलं.

तशीच चिमूरच्या बसमध्ये बसले. वर्गमित्र तोवर गडचिरोलीला मास्तर झाला होता. त्याच्या आईला मी सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "बी बाटलीत कसं जगन वो? ते काय लोनचं होय? चाल."

तिनं मला बांधावरून नेलं. रोवणीला, म्हणजे रोपांच्या लावणीला, अजून दोन महिने होते, वावरं कोरडी होती. पण गावात तिनं मला घरोघरी फिरवलं. बाजारात तिच्याबरोबर आलेल्या त्या सहा जणी होत्या, आणखीही होत्या. त्या दिवशी चटईवरून ज्यांनी मूठ मूठ नेली होती, त्यांनी ती पेरली होती. कुणी बांधीच्या कोपऱ्यात, कुणी घरामागं. एकीनं मडक्याचं झाकण काढलं तर आत कुसळांचं धान! आलापल्लीच्या म्हाताऱ्याचं! मी ओरडलेच. "हे कुठून आलं?" ती म्हणाली, "तुह्याच द्रोनातलं होय. डुकरं लय हायेत ना आमच्याकडं." मी एवढ्या मोठ्यानं हसले की तिची नात घाबरून आत पळाली.

सगळं वाचलं नव्हतं. अम्मीच्या नानीचं बाळंतिणीचं ते दुसरं काळं धान कुणाकडंच सापडलं नाही, आजतागायत सापडलेलं नाही. मोठ्या शेतात उभं होतं ते बाजाराचंच धान, आणि ते साहजिकही होतं, कारण पोरांच्या फिया त्यावरच निघत होत्या. पण कोपऱ्या-कोपऱ्यात बाकीची नावं जिवंत होती.

वर्गमित्राच्या आईनं मला विचारलं, "तू पेरशील का?"

मी म्हणाले, "आमच्याजवळ वावर कुठं आहे? सात पिढ्यांत कुणी चिखलात पाय घातला नाही."

"माह्यी एक टोकाची बांधी हाये. खाटेएवढी. ये."

आणि रोवणीच्या दिवशी मी खरंच गेले. अब्बा सोबत आले, दुकान बंद ठेवून. बायांनी सलवार गुडघ्यापर्यंत कशी खोचायची ते दाखवलं. चिखलात पहिला पाय टाकला तो मांडीपर्यंत गेला, आणि दुसरा टाकताना मी पालथी पडले. बायांना हसून हसून उभं राहता येईना. कुणीतरी मला दंडाला धरून उठवलं, हातात रोपांची पेंडी दिली आणि अंगठ्यानं रोप कसं दाबायचं ते शिकवलं. माझी ओळ वाकडी गेली, पुन्हा उपटली, पुन्हा लावली. कंबर मोडून आली होती आणि मला थांबायचं नव्हतं.

बांधावर छत्री धरून अब्बा उभे होते, दुसऱ्या हातानं पायजमा वर धरून. "बेटा," ते ओरडले, "कोनतं लावून राह्यली?"

मला तेही माहीत नव्हतं. मी वर्गमित्राच्या आईकडं बघितलं. तिनं नाव सांगितलं, मी ते मान वर करून अब्बांना मोठ्यानं सांगितलं, आणि ते म्हणाले, "जरा सरक, मी बी येतो," आणि चपला काढायला लागले.